साडी नको, भाषण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

निवडणूक आली की महिला उमेदवारांबद्दल पेपरात जे छापून येतं ते वाचून खरंच संताप होतो म्हणून हे पत्र. कुठली साडी, कुणाची सून, किती बायकांनी ओवाळलं, सगळं असतं, पण बाई बोलली काय ते दोन ओळीत गुंडाळलेलं.

अहो या बायकांनी मोठ्या खुर्च्या बोलण्याच्या जोरावर पण मिळवल्यात. ज्यांना समाजवादी नेते लोहिया गूंगी गुडिया, म्हणजे मुकी बाहुली, म्हणायचे त्याच इंदिराबाईंनी १९७१ ला, ते म्हणतात इंदिरा हटाओ मी म्हणते गरीबी हटाओ, एवढं बोलून आख्खी निवडणूक स्वतःभोवती फिरवली, ३५२ जागा आल्या. २०१४ ला देशभर मोदींची लाट, तेव्हा जयललिता भर सभेत विचारत होत्या, कारभार कुणाचा चांगला, गुजरातच्या मोदींचा की तामिळनाडूच्या या लेडीचा? आई नाही बहीण नाही, थेट कामाची तुलना!! ३९ पैकी ३७ जागा त्यांच्या. मायावती तर कागद बघून वाचतात, आवाजात चढउतार नाही, तरी २००७ ला यूपीत एकहाती बहुमत. ममतांची २०२१ ची घोषणा, बंगालला आपलीच मुलगी हवी, चालली जोरात पण मला नाही पटली, दहा वर्षं मुख्यमंत्री राहिलेल्या बाईला परत घरची मुलगी म्हणूनच का यावं लागतं?

आणि आपल्याकडे मृणालताई गोरे होत्याच की. गोरेगावच्या नळाला पाणी नाही, रॉकेल मिळत नाही, हेच त्यांचं राजकारण, त्यावरच १९७७ ला लोकसभेत गेल्या. पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में, ही घोषणा जुन्या लोकांना अजून पाठ आहे (दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिराबाई, त्या तेव्हा हरल्या).

शेजारच्या गोव्यात १९७३ लाच शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, आपल्या राज्यात १९६० पासून एकही बाई नाही. आता आमच्या तालुक्यातल्या एका सभेचं सांगते, उमेदवार बाईंना माईक मिळाला सगळ्यात शेवटी, निम्मा वेळ मंचावरच्यांची नावं घेण्यात गेला आणि मग "सासऱ्यांचं अपुरं स्वप्न पूर्ण करायचंय". ह्याच बाई झेडपीत असताना आमच्या पाणी योजनेसाठी अधिकाऱ्यांशी भांडलेल्या, ते सगळ्या गावाला माहितीय, पण त्यातला एक शब्द भाषणात नाही. भाषण लिहून देणारे पुरुष असतील तर त्यांनी तरी हे लिहायला नको का?

म्हणून विनंती आहे, येत्या निवडणुकीत तुमच्या वार्ताहरांना सांगा, प्रत्येक महिला उमेदवाराला पाणी, पीकविमा, एसटी यावर प्रश्न विचारा आणि तिचं उत्तर तिच्याच शब्दात पूर्ण छापा, फोटो लहान टाकला तरी चालेल.

तुमची एक नियमित वाचक