रेडिएटरमध्ये पाणी ओतण्याआधी, ते जाते कुठे ते पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की तळेगावच्या सत्याग्रही घाटात जुने ट्रक वाफ सोडत कडेला लागतात. पाणी ओतले, गाडी निघाली, पुढच्या चढावर पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी ‘हेड’, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग, ‘गेले’ म्हणतो आणि इंजिन खोलले जाते. बऱ्याचदा त्याची गरजच नसते.

आधी गाडी कधी तापते ते विचारा. बाजार समितीच्या रांगेत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर हवा कमी पडते आहे. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहा; १० ते १५ मिलिमीटरपेक्षा जास्त दबला तर ढिला आहे. फॅनभोवतीचे काउल, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून असलेले कवच, मागच्या दुरुस्तीत काढून तसेच गॅरेजमध्ये पडलेले असते, तेही बघा. चढावर लोडमध्ये तापत असेल तर पाणी नीट फिरत नाही, नाहीतर रेडिएटर चोंदला आहे.

आपल्याकडे तो बाहेरूनही चोंदतो. कापसाची रुई आणि सोयाबीनचे कुटार जाळीत अडकते, त्यावर ऑइलचा हात बसला की गोधडीसारखा थर होतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, कारण इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) असलेल्या गाडीत हा थर इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असतो. टॉर्च लावून बघा. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, तेही हलक्या धारेने. जोराच्या प्रेशरने पाती वाकतात.

आता पाणी कमी होण्याचे. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नका, अंग भाजते. झाकणाचे रबर आणि स्प्रिंग तपासा. अर्धा बार दाब धरणारे झाकण असेल तर पाणी १११ अंशांच्या आसपास उकळते. स्प्रिंग मेली की १०० लाच उकळून ओव्हरफ्लोच्या नळीने निघून जाते आणि खाली थेंबही दिसत नाही. वॉटर पंपाच्या पोटाला बारीक छिद्र असते. तिथे पाणी किंवा सुकलेला पांढरा ओघळ दिसला तर सील गेले.

बाहेर कुठेच गळती नसेल, तर थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू करा. लगेच सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सील करणाऱ्या पत्र्याचा) संशय रास्त. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल असेल तर गाडी हलवूच नका. पण एअर ब्रेकच्या कंप्रेसरच्या हेडमधून पाणी फिरत असेल, तर त्याचे गॅस्केट फाटूनही असेच बुडबुडे येतात. ब्रेकच्या हवेची टाकी भरून जादा हवा सुटताच बुडबुडे थांबले तर दोष कंप्रेसरचा. ही एक मिनिटाची तपासणी न केल्याने नाहक हेड उतरते.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापले की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून फेकण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. अनेक इंजिनांत तो नसला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून बायपासनेच परत जातो. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून तापवा आणि थर्मामीटर धरा. त्यावर कोरलेल्या अंशावर उघडू लागला नाही तर नवा बसवा.

गळतीवर हळद टाकू नका, ती बारीक नळ्याही बुजवते. बोअरच्या पाण्याने हंड्याला जो पांढरा पापुद्रा धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. निम्मे कूलंट, निम्मे बॅटरीचे पाणी वापरा. नुसत्या पाण्यावर चालवलेल्या डिझेल इंजिनाच्या लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) बाहेरून सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि एक दिवस पाणी सिलिंडरमध्ये उतरते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी तर कधीच नको, हेडला चीर जाते.

हंगामात जिनिंग आणि बाजार समित्यांच्या आवारात गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. तिथे एक नळ आणि हवेचा एक पाइप ठेवला, तर जाळी तिथल्या तिथे साफ करता येईल. संबंधितांनी हे मनावर घ्यावे, ही विनंती.

आपले,
ट्रक दुरुस्ती करणारे काही मिस्त्री,
दारव्हा, जि. यवतमाळ