पाण्याची शिवण

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
जूनचा पहिला रविवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवला तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. तिकडं इंग्लंडात ट्रेंट नदीच्या काठी सहा रविवार बसलीस आणि गळाला एकही मासा लागला नाही, हे तू हसत सांगितलंस, पण आवाजावरून मला कळायचं ते कळलं. मी घाईत "आमिष बदलून बघ" म्हणालो. रात्री झोपताना वाटलं, पोरीला चुकीचं सांगितलं. आमिष ही तिसरी गोष्ट आहे. आधीच्या दोन सांगितल्याच नाहीत. 16 जूनला तुमच्याकडची नदी मासेमारीला पुन्हा उघडेल, त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून आजच बसलोय.

मी दहा वर्षांचा असताना आबा मला पहिल्यांदा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याखाली घेऊन गेले. कळकाची काठी खांद्यावर, हातात पिशवी. मला वाटलं, आता गळ टाकायचा. आबांनी काठी काठावर आडवी ठेवली, खिशातनं कुरमुऱ्यांचा पुडा काढला आणि मूठभर कुरमुरे पाण्यात भिरकावले. मला वाटलं, माशांना खायला घालतायत. ते म्हणाले, "बघ नुसतं." बरेचसे कुरमुरे धारेबरोबर पळत गेले. थोडे काठाशी येऊन तिथंच पडून राहिले. आणि काही मात्र मध्येच वळले, थबकले, गोल फिरले, पुन्हा हळूहळू पुढं सरकले. आबांनी बोट केलं आणि म्हणाले, "ती पाण्याची शिवण."

धावतं पाणी आणि निजलेलं पाणी जिथं एकमेकांना जोडलेलं असतं, ती ही शिवण. भर धारेत मासा उभा राहिला तर पोहण्यातच त्याची ताकद जाते. अगदी संथ पाण्यात गेला तर वाहत येणारं खाणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तो निजलेल्या पाण्यात अंग टेकवतो आणि तोंड धारेकडं करून राहतो. खाणं आलं की दोन हात पुढं जायचं, उचलायचं, परत जागेवर यायचं. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वरचं पाणी तुंबतं, पावसाच्या तोंडाला बरगे काढले की तीच नदी वेगळी वाहायला लागते आणि शिवण सरकते. म्हणून आबा कालच्या जागेवर आज कधीच विसंबले नाहीत. पन्नास वर्षं त्याच काठावर बसणारा माणूस दर वेळी कुरमुरे टाकायचा.

तू बसतेस ती पायऱ्यांची जागा बसायला सोयीची म्हणून धरलीस, असं तूच म्हणालीस. या वेळी पहिला अर्धा तास काठी उघडूच नकोस. कुरमुरे तुमच्या भारतीय दुकानात मिळतात, नाहीतर ब्रेडचा चुरा घे. पुलाच्या खांबामागं टाक, बांधाखाली फेस जिथं संपतो तिथं टाक, झाडाच्या फांद्या पाण्यावर वाकल्यात तिथं वरच्या अंगाला टाक. ब्रेडचा तुकडा तरंगत फांदीखाली गेला आणि 'चळप' आवाज येऊन गायब झाला, तर तिथं चब मासा आहे असं समज.

दुसरी गोष्ट, माशाचं तोंड. आपल्या बाजारात कटला, रोहू आणि मृगळ शेजारी मांडलेले तू लहानपणापासून बघितलेस. आता आठव. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळ चरतो. रोहू मधल्या थरात. म्हणून तळ्यात हे तिन्ही मासे एकत्र सोडतात. एक दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाही. तू फोटो पाठवलेला तो बार्बेल बघितल्याबरोबर मला मृगळ आठवला. तोंड पार खाली आणि वर चार मिशा. असा मासा मिशांनी तळ चाचपत खडीवरनं फिरणार. आणि तू आमिष लोंबकळत ठेवलंस पाण्याच्या मध्यावर! त्याच्या डोक्यावरनं ते सहा रविवार वाहत गेलं असेल.

तेव्हा खोली मोजायला शीक. गळाला वजनाचा जड गोळा अडकवून टाकायचा. तरंगी बुडाली तर पाणी जास्त खोल आहे, ती दोऱ्यावर वर सरकव. आडवी पडली तर खाली घे. तिचं टोक तेवढं पाण्यावर दिसायला लागलं की तळ सापडला. याला दहा मिनिटं लागतात आणि लोक तेवढीच टाळतात. आबा मोरपिसाच्या दांडीची तरंगी करायचे. तुला एक पाठवायची फार इच्छा होती, पण मोरपीस देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. तिथल्या दुकानात तसलीच मिळते म्हणे, बघ.

तळाशी आमिष ठेवलंस की एक गोष्ट ध्यानात ठेव. तरंगी बुडायची वाट बघत बसू नकोस. मृगळ तळावरचा घास उचलून डोकं वर करतो, त्याबरोबर गळाजवळचं शिसंही उचललं जातं, आणि तरंगी खाली जायच्या ऐवजी वर येते, आडवी पडते. मी कितीतरी मासे यामुळं घालवले. वर आलेली तरंगी बघून मला वाटायचं, वाऱ्यानं हललं असेल. तुमच्याकडचा ब्रीमही असंच करतो असं वाचलं. तरंगी वर आली की काठी बाजूला ओढायची. आभाळाकडं झटका मारायचा नाही, मनगटातनं नुसतं ताणायचं.

बार्बेलसाठी मात्र तरंगी सोड. वाहत्या पाण्यात त्याला तळाशी धरायचं तर वजन लागतं. मुख्य दोरा 10 पौंडांचा घे, गळाचा तुकडा त्याहून थोडा कच्चा, म्हणजे अडकलं तर तेवढाच तुटेल. वजन दोऱ्यावर सैल सरकेल असं ओव, खाली एक मणी आणि मग कडी. घट्ट बांधू नकोस. सैल असलं की मासा आमिष ओढतो तेव्हा त्याला वजन जाणवत नाही, आणि दोरा तुटलाच तरी बिचाऱ्याला ते ओझं घेऊन फिरावं लागत नाही. गळ 8 किंवा 10 नंबरचा. तिथला नंबर उलटा चालतो, आकडा वाढला की गळ बारीक. रोचसारख्या लहान तोंडाच्या माशाला 16 किंवा 18 लागेल, आणि दोरा 3 पौंडांचा पुरे. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून टाक. दोरा ढिला पडू दिला नाहीस तर मासा सुटत नाही, आणि सोडवताना त्याचं तोंड फाटत नाही. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली कर. कोरडा तंगूस घासून गरम होतो आणि तिथंच तुटतो. आबांचं हे एक वाक्य मी रोज ऐकायचो: "गाठ ओली कर."

शिशाबद्दल एक महत्त्वाचं. आपण इथं सर्रास शिसं वापरतो. तिथं 28 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर 1987 पासून बंदी आहे, कारण काठावर पडलेल्या गोळ्या खडे समजून राजहंस गिळायचे आणि विषानं मरायचे. दुकानात बिनशिशाची वजनं माग. हे वाचल्यापासून मीही इथं काठावर सांडलेल्या गोळ्या वेचून घरी आणतो.

आता आमिष. बाजारातल्या रंगीत गोळ्यांवर पैसे घालवू नकोस. आबांचं आमिष म्हणजे कणीक, शेंगपेंड, चिमूटभर हिंग आणि गूळ. गुऱ्हाळातला गूळ तेवढ्यासाठी वेगळा ठेवलेला असायचा. चबला चीज फार आवडतं म्हणतात, म्हणून कणकेत चीज किसून मळ, भाकरीच्या पिठासारखं घट्ट, म्हणजे पाण्यात सुटणार नाही. थंडीत चीज पाण्यात दगडासारखं होतं, तेव्हा ते कमी घाल. हळद घालून बघ, तिकडचे लोकही अळ्यांना हळद लावतात. गांडूळ तर कुठल्याही नदीत चालतं. इथं बावड्याच्या शेतात पाऊस पडला की दानवं, म्हणजे गांडुळं, वर यायची, आम्ही मडकं भरून आणायचो. वाम आणि शिंगाळा त्याच्याशिवाय दुसरं काही धरत नसत. तळाला गांडूळ, रात्रीची वेळ, दगडाच्या कपारीशी वाम. शिंगाळ्याच्या काट्यानं माझा तळहात एकदा दोन दिवस सुजला होता. तिथं तुला तसला मासा लागायचा नाही, पण पर्चच्या पाठीवरचे काटे सांभाळ.

आणि माशाला आधी चार घास फुकट द्यायचे. आबा पेंडीचे मुठीएवढे गोळे शिवणीच्या वरच्या अंगाला टाकून विडी ओढत बसायचे. तिथं त्यासाठी छोटी जाळीची नळी मिळते, ती वजनाच्या जागी लावायची. आत ब्रेडचा चुरा आणि थोडा गूळ भर, आईनं पाठवलेला शिल्लक असेलच. दर दहा मिनिटांनी त्याच जागी फेक. समोरच्या काठावरचं एक झाड नजरेत धर, म्हणजे फेक इकडंतिकडं जाणार नाही. चारा कमी घाल. पोट भरलेला मासा गळाकडं बघत नाही. आणि संध्याकाळी बस. तुमच्याकडं जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो म्हणतेस, शेवटचा दीड तास सोडू नकोस.

आई विचारते, पकडून परत सोडायचे तर पकडायचे कशाला? तिला मी मरळीची गोष्ट पुन्हा सांगितली. तुला कधी सांगितली नाही. मी चौदा वर्षांचा होतो. चिखलीच्या अलीकडं संथ पाण्यात लालसर पिलांचा गोळा वर तरंगत होता, हजारभर पिलं, गोळा एकसारखा खदखदत होता. मला माहीत होतं, खाली मरळ असणार, कारण ती पिलं राखते. मी बेडूक लावलेला गळ त्या गोळ्यातनं ओढला. मरळ भुकेनं नाही, रागानं धावली. पाऊण हात लांब मासा होता. मी नाचत काठावर आणला. मागं बघितलं तर गोळा फुटला होता आणि चिलापीचा थवा त्यात घुसला होता. थोड्या वेळानं पाणी मोकळं झालं. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी तो मासा घरी नेला नाही, शेजारी देऊन टाकला, आणि त्या दिवशी आमच्याकडं पिठलं-भाकरी झाली. पिलांवरच्या मरळीला मी त्यानंतर कधी गळ टाकला नाही.

म्हणून तुमच्याकडचा नियम मला मनापासून पटला. 15 मार्च ते 15 जून नदी बंद, कारण त्या दिवसांत मासे अंडी घालतात. इथं नेमकं उलटं. तुमची नदी उघडते तेव्हा आपल्याकडं मृगाचा पाऊस लागतो आणि पोटात अंडी घेऊन मासे ओढ्याओहोळांत चढतात. चढणीचे मासे म्हणून लोक पाट्या भरून आणतात. मी जून-जुलैत काठी माळ्यावर ठेवतो. परवाना काढल्याशिवाय तू गळ टाकू नकोस, आणि काठ ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी वेगळी लागते ती घे. बार्बेल जीव खाऊन झुंजतो. सोडताना फेकू नकोस. ओल्या हातानं पाण्यात, धारेकडं तोंड करून धर, त्याला दोन्ही कल्ल्यांनी श्वास घेऊ दे. स्वतः होऊन निसटेल तेव्हाच हात सोड. उन्हाळ्यात याला पाच-दहा मिनिटंही लागतात.

काठावर उतरलीस की पाण्याच्या कडेला एक काडी खोव आणि तिच्याकडं नजर ठेव. काडी बुडायला लागली की सामान उचल. आपल्याकडं राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे पोरासोरांनाही पाठ असतं. तिथलं काय ते विचारून ठेव. विजेच्या तारांखाली ती काळी कार्बनची काठी उभी करू नकोस. त्यातनं वीज उतरते.

पंचगंगेचं विचारलंस. शहराच्या खालच्या अंगाला मी आता जात नाही. उन्हाळ्यात दोनदा मेलेल्या माशांचा खच बघितला. पाण्यातला प्राणवायू संपला की आधी ते वर येऊन तोंडं उघडतात, हे बघवत नाही. मी वर, भोगावतीकडं जातो. पण ट्रेंटसुद्धा कारखान्यांच्या पाण्यानं एके काळी अशीच नासली होती, आणि आज लोक तिथं लांबून बार्बेलसाठी येतात. ती कशी निवळली, तिथल्या म्हाताऱ्या गळवाल्यांना विचार. त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं असेल. जे सांगतील ते सविस्तर लिही, मला इथं लोकांना दाखवायचंय.

आई लोणच्याची बरणी पाठवतेय, त्याच खोक्यात कुरमुऱ्यांचा पुडा घालतोय. टाकल्यावर ते कुठं थांबले, ते आधी कळव. माशाचं नंतर.

तुझे
बाबा