चौकटीवरची न रंगवलेली पट्टी

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

माझा पीएच.डी.चा प्रबंध गेल्या आठवड्यात सादर झाला. त्यात ऋणनिर्देशाची दोन पाने आहेत आणि ज्यांची नावे रिवाजाप्रमाणे घ्यावी लागतात, त्या सर्वांची नावे तेथे आली आहेत. तुमचे मात्र नाही, कारण ते घालायला तुम्हीच मनाई केली होती. "नाव नको आणि घराचा नंबरही नको, बाय, ह्यांचे घर बुडते असे एकदा छापून आले की नातीला स्थळे यायची नाहीत," असे तुम्ही हसत म्हणाला होतात, पण म्हणताना दाराकडे एकदा पाहिले होते. म्हणून हे पत्रही मी नावाशिवायच लिहिते आहे. पणजीतल्या मळा या सखल वस्तीतल्या ज्या दहा-बारा घरांना पावसाळ्यात फ्रिज चिऱ्यांवर चढवावा लागतो, त्यांपैकी एका घराला ते आहे एवढे पुरे.

माझा विषय तुम्हाला ठाऊक आहे: बदलत्या हवामानात पणजीसारख्या खाडीकाठच्या शहराने राहण्याची रीत कशी बदलावी. विषय भारदस्त होता, त्याला शिष्यवृत्तीही मंजूर झाली होती, आणि आता सगळे सुरळीत होईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्या वर्षानंतरचा हप्ता नऊ महिने अडकला. त्याची कहाणी येथे सांगत नाही. ज्यांनी ती अडकवली त्यांना ती वाचण्यात रस नसेल आणि तुम्हाला ती पाठ आहे. पैशांपेक्षा मला जास्त लागले ते वेगळेच. कोणत्या गल्लीत, कोणत्या दिवशी, किती पाणी चढले याची नोंद मागत मी दोन वर्षे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरले. एका ठिकाणी माझा अर्ज तीनदा हरवला. दुसऱ्या ठिकाणी साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "उदक आयलें, गेलें; तें कितें बरोवन दवरप?" (पाणी आले, गेले; ते काय लिहून ठेवायचे?) आणि एका सल्लागार संस्थेच्या देखण्या रंगीत नकाशात तुमची गल्ली निर्धोक म्हणून हिरवी रंगवलेली होती. तो नकाशा मी तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त आत जाऊन काकींना चहा ठेवायला सांगितलेत.

त्या चहाच्या वेळीच मला ती चौकट प्रथम दिसली. स्वयंपाकघराच्या दाराची सागवानी चौकट, तिच्यावर जुना निळा तैलरंग, आणि जमिनीपासून मांडीच्या उंचीपर्यंत सुताराच्या पेन्सिलीने ओढलेल्या चौदा आडव्या रेघा. प्रत्येक रेघेपुढे तारीख आणि तारखेपुढे वेळ. पाणी चढल्याची वेळ का, असे मी विचारले तर तुम्ही म्हणालात, पाण्याची नव्हे, भरतीची. फेरीबोटीवर तीस वर्षे काढलेल्या माणसाला पावसापेक्षा भरती आधी आठवते, हे मला त्या दिवशी कळले. तुम्हीच मला तिथीची पाऊणपट करायला शिकवलेत: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, की झाली भरतीची ढोबळ वेळ. मुरगाव बंदराची भरतीची छापील कोष्टके माझ्या संगणकात होती; त्यांच्याशी मी नंतर ताडून पाहिले तेव्हा तुमचे तोंडी गणित फार चुकत नव्हते.

रेघा मोजायच्या तर समुद्रसपाटीपासून त्यांची उंची काढायला हवी होती आणि त्यासाठी लेव्हलचे यंत्र हवे होते. विभागातले यंत्र दुसऱ्या कामावर गेलेले, भाड्याने आणावे तर हप्ता अडकलेला. मी मोबाइलवर चार फोटो काढले, ते अंधारामुळे धूसर आले, आणि मी डिचोलीला परत गेले. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली होती. चवथीपूर्वी घर रंगवायचे हे गोव्यात कोणाला सांगावे लागत नाही, आणि तुमच्या ओसरीवर रंगाचे डबे येऊन पडलेले मी पाहिले होते. दुसऱ्याच्या घरच्या सणात आपला अभ्यास कसा आणायचा, या संकोचाने मी एक शब्द बोलले नाही. रेघा गेल्या, असे मनाशी धरूनच मी गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या फळाफुलांच्या सामानाला लागले.

चवथ संपल्यावर यंत्र मिळाले. निदान उंबऱ्याची उंची तरी घेऊ, म्हणून मी आले. घर पिस्ता रंगात न्हालेले, चौकटी चकचकीत तपकिरी, आणि त्या एका चौकटीवर चार बोटे रुंद, दोन हात उंच अशी जुन्या निळ्या रंगाची पट्टी तशीच ठेवलेली, दोन्ही कडा रंगाऱ्याच्या चिकटपट्टीने सरळ राखलेल्या. वर पारदर्शक प्लॅस्टिक लावलेले, कारण सणाच्या गर्दीत येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खांदे घासतील अशी तुम्हाला काळजी. सूनबाईंनी मागाहून सांगितले की रंगारी काम करत होता तेव्हा तुम्ही स्टूल टाकून शेजारी बसून होतात, आणि आरतीला आलेल्या प्रत्येकाने "हे राहिले काय?" म्हणून विचारले तेव्हा "राहिले नाही, ठेवले आहे" एवढेच उत्तर देत होतात. मी मागितले नव्हते, काका. मला ते मागण्याचे धैर्यच झाले नव्हते. त्या दिवशी यंत्र तिपाईवर बसवताना माझे हात नीट चालत नव्हते. बुडबुडा मध्यावर यायला उशीर लागतो आहे असे मी म्हटले, आणि तुम्ही ते खरे मानल्यासारखे केलेत.

त्या पट्टीने मला काय दिले, हे तुम्हाला सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरील वेधशाळेच्या पावसाच्या नोंदी आणि तुमच्या रेघा शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा सर्वांत वरच्या पाच रेघा सर्वांत जास्त पावसाच्या दिवसांच्या निघाल्या नाहीत. त्या पाचही दिवशी उधाण होते आणि जोराचा पाऊस भरतीच्या आगेमागे पडला होता. त्याहून मोठा पाऊस ओहोटीला पडला, त्या दिवशी पाणी पायरीवरच थांबले होते. गटाराचे तोंड भरतीखाली बुडाले की आल्तिनोच्या उतारावरून आलेले पाणी मळ्यात अडकते, आणि मग गटार रुंद असो वा अरुंद, त्याचा उपयोग राहत नाही. त्या तीन-चार तासांपुरती पाण्याला थांबायला जागा लागते: तळे, मोकळी माती, न बुजवलेला सखल तुकडा. एका चौकटीवरून शहराचा सिद्धान्त मांडता येत नाही, हे प्रबंधात मी स्पष्ट लिहिले आहे. पण कोणता प्रश्न विचारायचा हे त्या चौकटीने ठरवले, आणि पुढे आणखी घरे शोधताना मी तोच प्रश्न घेऊन हिंडले.

हे सारे खाजन शेती, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीला बांध घालून केलेली शेती, करणाऱ्या आपल्या गावांना जुनेच माहीत होते. बांधाला मानस, म्हणजे पाण्याची झडप, भरतीला तिचे दार पाण्याच्या दाबानेच मिटते आणि ओहोटीला उघडते, आणि मधल्या वेळेत आतले पाणी पोयीत, म्हणजे शेतातल्या खोलगट भागात, साठून राहते. 1526 च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीजांच्या सनदेत, गावकऱ्यांच्या चालीरीतींची नोंद झाली, त्याच्याही कितीतरी आधीपासून ही शेती चालत होती. 1843 मध्ये राजधानी झालेली पणजी दलदल आणि खाजने भरतच वाढली. पाण्याची बसण्याची जागा आपण घेतली आणि त्याला उभेही राहू देत नाही. 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटर चढली. हा आकडा मी परिषदांमध्ये अनेकदा वाचून दाखवला होता. तुम्ही तो ऐकल्यावर चौकटीला हात लावून एक वीत मोजलीत आणि खालून सातव्या रेघेवर बोट ठेवलेत. त्यानंतर तो आकडा मला पूर्वीसारखा वाचता आला नाही.

परीक्षकांच्या भाषेत ज्याला अनुकूलन म्हणतात, ते तुमच्या घरात कोणी न शिकवता झालेले होते. विजेची बटणे कमरेच्या वर, कपाटाचा खालचा खण जूनपासून सप्टेंबरपर्यंत रिकामा, तांदळाचा डबा माळ्यावर, देव्हारा भिंतीत उंच. मी त्याची यादी केली तेव्हा काकी म्हणाल्या, "यात लिहिण्यासारखे काय आहे?" लिहिण्यासारखे हे, की ज्यांचे काम नोंद ठेवण्याचे होते त्यांनी ती ठेवली नाही आणि ज्यांना तिच्यापासून काही मिळायचे नव्हते त्यांनी पेन्सिलीला टोक काढून ठेवले. अशी माणसे या शहरात आणखीही भेटली. पुलाखालची कुणी मासेविक्री करणारी बाई, कुणी शाळेचा शिपाई. विचारले की घड्याळ न पाहता उत्तर देणारी आणि पुन्हा येताना जेवून येऊ नकोस म्हणणारी. शिष्यवृत्तीच्या हिशेबात यंत्राचे भाडे, प्रवास, छपाई असे रकाने आहेत. ती पट्टी कोणत्या रकान्यात दाखवायची, हे लेखा विभागाला विचारण्याचा मोह मला झाला होता. पण त्यांनी तिची मूळ पावती मागितली असती.

प्रबंधाची एक प्रत तुमच्यासाठी बांधून घेतली आहे. चौकटीचे छायाचित्र तिसऱ्या प्रकरणाच्या आरंभी आहे, खाली फक्त "मळा, एक घर" असे छापले आहे, आणि बाजूचा पिस्ता रंग कापून टाकला आहे, म्हणजे कोणी घर ओळखणार नाही. मापे सगळी घेऊन झाली आहेत, तेव्हा यंदा ती पट्टी रंगवायला माझी हरकत नाही, असे कळवणार होते. परंतु सूनबाईंचा परवा फोन आला, त्यावरून समजले की रंगाऱ्याला यंदाही तुम्ही तेच सांगितले आहे, आणि आषाढातली एक रेघ नव्याने वाढली आहे. ती मोजायला मी चवथीलाच येते. तिथी चार, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. त्याच्या आत पोचते.

तुमची,
यंत्रवाली बाय