नानाच्या अंगठ्यासमोर गाडी थांबवायला जागा द्या

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात कोपरीला राहतो. एसटीत वाहक होतो, नोकरीतली बरीच वर्षं कल्याण-आळेफाटा रस्त्यावर गेली. आता निवृत्त आहे. आपल्याला पत्र लिहिण्याचं कारण असं, की आषाढातल्या एका रविवारी मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याच्या पुढे माझी पत्नी रस्त्याकडेच्या उघड्या गटारात पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. जिथे ती पडली, त्याच जागी प्रवाशांसाठी थांबा करू, असं गेल्या वर्षी जाहीर व्यासपीठावरून सांगितलं गेलं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्ही दोघंही होतो. थांब्यात बसायला कट्टा, पाण्याचा नळ, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि समोरच्या ‘नानाचा अंगठा’ या सुळक्याची माहिती देणारी पाटी असेल, असं तेव्हा ऐकलं. आज तिथे नेत्यांचे फोटो असलेला फलक आहे आणि फलकाच्या पायाशी झाकण नसलेलं गटार आहे. पावसाचं पाणी भरलं की ते दिसतसुद्धा नाही.

आधी या रस्त्याबद्दल सांगू द्या. शहाड सुटलं, कांब्याच्या दगडखाणी मागे पडल्या आणि रायत्याच्या पुलावर उल्हास नदी ओलांडली, की हवा बदलते. गोवेलीला टिटवाळ्याचा फाटा, मग मामणोली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी आणि वर माळशेज. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग ६१, जुनी माणसं अजून २२२ म्हणतात. ठाणे-कल्याणच्या माणसाला सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल, असा याहून सुंदर रस्ता माझ्या माहितीत नाही. आणि त्याचं सौंदर्य एकट्या माळशेजच्या धबधब्यांत नाही. ते वाटेवरच्या चमत्कारिक, छोट्या गोष्टींत आहे.

वैशाखरे सोडलं की समोरच्या कड्यावर मूठ आवळून अंगठा वर काढावा तसा एक सुळका दिसतो. तोच नानाचा अंगठा. माझ्या गाडीत मुंबईहून गावी निघालेली पोरं मुरबाडपासूनच विचारायची, “काका, अंगठा आला का?” म्हातारी माणसं हात जोडायची. त्याच्या खालून नाणेघाटाची पायवाट वर चढते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल याच वाटेने कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरत होता. वर गुहा आहे, तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. राजघराण्याच्या मूर्ती होत्या, त्यांची आता फक्त पावलं उरली आहेत. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारं पाणी वारा उलटं वर फेकतो, ते पाहायला माणसं लांबून येतात.

पुढे मोरोशीला भैरवगड. या गडाकडे पाहिल्यावर पहिल्यांदा येणारा माणूस गाडी थांबवतोच. खडकाच्या भेगेत लाव्हा घुसला, थिजला, आजूबाजूचा खडक हळूहळू झिजून गेला आणि मधली कातळाची पातळ भिंत तेवढी उभी राहिली. भूगोलाच्या पुस्तकात त्याला डाईक म्हणतात. शाळेच्या सहलींनी इथे उतरायला हवं. त्यांच्या बस उभ्या करायला जागा नाही म्हणून सहली थेट रिसॉर्टात जातात.

याशिवाय लहानसहान किती तरी. शेंदूर फासलेला वाघोबा, ज्याच्यासमोर आमचे चालक घाट चढण्याआधी हॉर्न वाजवून पुढे जायचे. पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, हे मी कित्येक मुलांना गाडीतच शिकवलं. आणि रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या ठाकर-कातकरी बायका. उन्हाळ्याच्या शेवटी पानांच्या द्रोणांत करवंदं आणि जांभळं, पहिल्या पावसात शेवळं आणि ती खाजू नयेत म्हणून सोबत काकडाची आंबट फळं, मग करटुली, भारंगी, टाकळा. शहरात ज्या रानभाज्यांचे महोत्सव भरवता, त्या इथे मातीसकट मिळतात.

रुंदीकरणात यातलं काय उरलं, ते आपण स्वतः येऊन पाहा. किलोमीटरचे जुने दगड भरावाखाली गेले. सावलीची झाडं गेली. वाघोबा उचलून मातीच्या ढिगावर ठेवला होता, गावकऱ्यांनी तो परत बसवला. भाजीवाल्या बायकांना अतिक्रमण म्हणून हटवलं. ज्यांच्या आज्या-पणज्या याच वळणावर बसत आल्या, त्यांना अतिक्रमण म्हणणाऱ्याला लाज वाटायला हवी होती.

माझी पत्नी टोकावड्याची. माहेरी भावाला भेटून आम्ही पुढे अंगठ्यापर्यंत गेलो, तो आमचा नेम आहे. गाडी कुठे लावायची? मागून डंपर येत होते. फलकाजवळ जरा रुंद दिसलं म्हणून थांबलो. ती उतरली आणि दुसऱ्याच पावलाला कमरेपर्यंत खाली गेली. करटुली विकणाऱ्या एका बाईने स्वतःचा पदर फाडून तिचा हात गळ्यात बांधला. दुधाच्या टेम्पोवाल्याने मुरबाडला पोचवलं, एक पैसा घेतला नाही. मग ठाणे, शस्त्रक्रिया, मनगटात प्लेट. माझी पत्नी शिवलेल्या नऊवारी साड्यांचं काम घरी करते. गणपतीच्या आधीचे हे आठवडे म्हणजे तिचा वर्षाचा हंगाम. घेतलेल्या सगळ्या ऑर्डरी तिने रडत रडत फोन करून परत केल्या. तिला स्वतःच्या हाताने वेणी घालता येत नाही, भाकरी थापता येत नाही. रात्री दुखायला लागलं की ती उठून बसते आणि मला हाक मारत नाही, कारण मी चिडतो हे तिला माहीत आहे. मी तिच्यावर चिडत नाही, मंत्रिमहोदय. मी तुमच्यावर चिडतो.

कारण मी विचारायला गेलो होतो. एका कार्यालयात सांगितलं, रस्ता आमचा नाही. दुसरीकडे म्हणाले, रस्ता आमचा, पण गटार ठेकेदाराचं. तिसरीकडे कळलं, जागा वनखात्याची आहे म्हणून थांब्याचं काम अडलंय. फलक कुणाचा, हे कुणालाच सांगता आलं नाही. जागा वनखात्याची होती तर व्यासपीठावरून आश्वासन देण्याआधी एक कागद तपासायला काय हरकत होती? आणि फलक रोवताना ती अडचण कशी आली नाही?

महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरला प्रवाशांसाठी सोयी असाव्यात, असं केंद्राचं धोरण आहे. कल्याण ते माळशेज हे अंतर त्याहून जास्त आहे. या पट्ट्यात एका वयस्क बाईने लघवीला कुठे जायचं, ते सांगा. हॉटेलवाल्याच्या मेहेरबानीवर? वाहक असताना मी बायांसाठी आडोसा पाहून गाडी थांबवायचो. तो आडोसाही रुंदीकरणात गेला.

पैसा नाही हे कारण मला देऊ नका. याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन मिळतो. ७०१ किलोमीटर लांबी, खर्च ५५ हजार कोटींच्या घरात. इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. मोठा रस्ता हवाच, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्यावरून जाणाऱ्या गाडीला वाटेतलं गाव लागत नाही आणि गावाला ती गाडी लागत नाही. एवढा पैसा उभा करता येतो, तर ६१ नंबरच्या रस्त्यावर चार गाड्यांपुरती जागा सपाट करून गटारावर लोखंडी जाळी टाकणं का जमू नये? माळशेजला काचेचा पूल होणार, हेही मी कित्येक वर्षं वाचतो आहे. त्या पुलाआधी जमिनीवर उभं राहायला जागा द्या.

पावसाळा आला की तुम्हाला पर्यटक आठवतात ते बंदीपुरते. पूर्वी १४४ कलम होतं, आता १६३. धबधब्यावर जाऊ नका, पाण्यात उतरू नका, थांबू नका. घाटात दरडी कोसळतात, बेफिकीर पोरं जीव गमावतात, हे मला मान्य आहे. मी स्वतः दरडीमागे प्रवासी घेऊन रात्र काढली आहे. पण सुरक्षित जागा बांधायची नाही आणि मग असुरक्षित जागी थांबला म्हणून दंड करायचा, याला कारभार म्हणत नाहीत. बंदीचा एक कागद निघाला की तुमचं काम संपतं. भजी-मका विकणाऱ्या माणसाचा सगळा पावसाळा मात्र बुडतो.

मुरबाड तालुक्याने काय कमी ऐकलं? कल्याण-मुरबाड रेल्वेचं आश्वासन ऐकत माझ्यासोबत नोकरी केलेली माणसं निवृत्त झाली, काही गेलीसुद्धा. याच तालुक्यात सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. ज्या मातीत हे घडलं, तिथल्या माणसांनी साध्या गटाराच्या झाकणासाठी कार्यालयांचे उंबरे झिजवायचे? तुमचे निर्णय होतात मुंबईत, नकाशावर. नकाशावर दोन शहरं आणि मधली रेघ असते. त्या रेघेवर कुणी राहतं, विकतं, थांबतं, पोराला अंगठा दाखवतं, हे तुमच्या एकाही रकान्यात बसत नाही. रस्ता किती मिनिटांनी लवकर पोचवतो एवढंच तुम्ही मोजता.

नाणेघाटात जकात घेणाऱ्यांनी वाटसरूला टेकायला कातळात गुहा कोरली आणि प्यायला पाण्याची टाकी खोदली. ती आजही आहेत. त्यांच्याकडे डंपर नव्हते, पोकलेन नव्हतं. तुमच्याकडे सगळं आहे.

मागण्या लिहून देतो. गटार येत्या आठवड्यात झाका, त्याला कुठलीही निविदा लागत नाही. अंगठ्यासमोर आणि भैरवगडासमोर बस उभी राहील एवढा थांबा करा आणि तिथे पाणी व स्वच्छतागृह ठेवा. भाजीवाल्या बायकांना त्याच थांब्यावर हक्काची जागा द्या, ओळखपत्रासह, म्हणजे उद्या पुन्हा कुणी त्यांच्या टोपल्या उचलणार नाही. पाटी मराठीत लावा, नाणेघाटाची माहिती जाणकाराकडून लिहून घ्या आणि तीवर कुणाचाही फोटो नको. भरावाखाली गेलेले दगड काढून पुन्हा रोवा. वनखात्याची परवानगी लागत असेल तर ती मिळवणं तुमचं काम आहे, ते माझ्या पत्नीवर किंवा माझ्यावर ढकलू नका.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत माझा मेहुणा हा विषय मांडणार आहे. बाकी गावांशीही आमचं बोलणं चालू आहे. ठरावाची प्रत तुमच्या कार्यालयात हातोहात देऊन पोच घेऊ. उत्तर लेखी द्या, तारखेसह द्या, आणि काम कोणत्या अधिकाऱ्याकडे सोपवलं त्याचं नाव त्यात असू द्या.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
कोपरी, ठाणे