आक्काची सही : कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
कर्नाटक राज्य,
सविनय नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली निवृत्त परिचारिका. मिरजेत शिकले आणि 31 वर्षं बेळगाव जिल्ह्यात नोकरी केली. कन्नड मला बोलता येतं, लिहिताही येतं. तरी हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण पाठवण्याआधी ते माझ्या थोरल्या बहिणीला वाचून दाखवायचं आहे. तिला न कळणाऱ्या भाषेत एकदा सगळं घडून गेलं आहे. पुन्हा तसं नको.

न समजावता संमतीपत्रावर सही घेऊन शस्त्रक्रिया केली, या तिच्या तक्रारीचं उत्तर गेल्या मंगळवारी आलं. अडीच ओळी, कन्नडमध्ये. रुग्णाची संमतीपत्रावर सही आहे, परिचारिकेची साक्ष आहे, सबब तक्रार निकाली. आणि त्याच आठवड्यात कळलं की त्या साक्षीदार सिस्टरला मेमो मिळाला आहे, रुग्णाला नीट समजावून सांगितलं नाही म्हणून. म्हणजे उत्तर म्हणतं समजावलं होतं आणि मेमो म्हणतो समजावलं नव्हतं. दोन्ही कागदांवर सही एकाच साहेबांची आहे. दोन महिने गप्प राहिले होते, ते दोन कागद पाहिल्यावर राहवलं नाही.

आक्काला पंधरा वर्षांची साखर. भाताच्या लावणीत चिखलात पायाला काहीतरी लागलं. साखरेच्या माणसाला पायाचं लागलेलं पुष्कळदा कळत नाही, वास यायला लागला तेव्हा घरच्यांना कळलं. भाच्यानं तिला गाडीवर मागं बसवून एका रुग्णालयात नेलं. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला कोल्हापुरात. रात्री अकराच्या सुमारास सिस्टर कागद घेऊन खाटेजवळ आली. "अक्का, इल्ली सही माड्री." म्हणजे, इथं सही करा.

आक्का हा शब्द दोन्ही भाषांत बहिणीचाच. आमच्या आक्काला तो आणि 'सही' एवढे दोनच शब्द कळले, आणि तिला बरं वाटलं, कुणीतरी मायेनं हाक मारली म्हणून. भाचा खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभा होता. सलाइनसाठी सही लागत असेल असं समजून तिनं सही केली. चौथी शिकलेली आहे ती. अंगठा कधी देत नाही, पूर्ण नाव लिहिते, त्याचा तिला फार अभिमान आहे. सकाळी जखम धुवायला नेतायत असं समजून ती आत गेली. बाहेर आली तेव्हा उजव्या पायाची दोन बोटं नव्हती.

बोटं काढावी लागली असतील. असे पाय मी शेकड्यांनी पाहिलेत. काळं पडलेलं बोट ठेवलं तर पुढं पाय जातो, कधी माणूस जातो. उपचार चुकला असं मी म्हणत नाही. तिला विचारलं नाही, एवढंच म्हणते आहे. तीन दिवस ती पांघरुणाखाली पाय लपवून होती, नवऱ्यालाही दाखवेना. मी पोचले तेव्हा तिनं मला विचारलं, "माझी बोटं कुठं टाकली गं? मातीत तरी घातली का?" मी उत्तर दिलं नाही. मला उत्तर माहीत आहे. कापलेला अवयव पिवळ्या पिशवीत जातो आणि तिथून भट्टीत. हजार वेळा मी स्वतः त्या पिशवीचं तोंड बांधलं आहे. बहिणीच्या तोंडून तो प्रश्न आला आणि माझी जीभ उचलेना. तेव्हापासून मला रात्री झोप नाही, साहेब. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आपण आयुष्यभर कसली नोकरी केली, याच्या विचारात मी पडले आहे.

आता कायदा. 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रुग्णाला उपचार काय, धोका काय, दुसरा मार्ग काय, हे कळल्यावर दिलेली संमती तीच खरी, आणि तपासणीसाठी दिलेल्या संमतीवर शस्त्रक्रिया उरकता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं 2018 मध्ये रुग्णहक्कांची सनद काढली, 17 हक्कांची. रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगा, हे तिच्यातच आहे. समजावणं हे डॉक्टरांचं काम. सिस्टर साक्षीदार. आम्हाला वर्गात शिकवलं होतं की साक्षीची सही म्हणजे 'या माणसाला कळलं हे मी पाहिलं' असं शपथेवर सांगणं. दिवा हातात धरून आम्ही जी शपथ घेतो, 1893 पासूनची ती नाइटिंगेल शपथ, तिचा अर्थ माझ्या लेखी हाच आहे: खाटेवरच्या माणसाच्या बाजूनं उभं राहायचं, वेळ पडली तर डॉक्टरांपुढंही. रुग्णाला कळलं नसेल तर सिस्टरनं साक्षीची सही करू नये. पुस्तकात हे आहे. वॉर्डात 'सिस्टर, सकाळची केस आहे, फॉर्म भरून ठेवा' एवढंच असतं.

आणि मी धुतल्या तांदळासारखी नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी रामदुर्गाकडच्या एका बाईची साक्ष मी अशीच केली होती. मला तेव्हा कन्नड येत नव्हतं, तिला मराठी येत नव्हतं. ती रडत होती, मी समजले दुखतंय. तिला दुसरंच काही विचारायचं होतं, ते मला दोन दिवसांनी कळलं. त्यानंतर मी रोज रात्री वही घेऊन कन्नड शिकले. 'नोवु' म्हणजे दुखणं, हा माझा पहिला शब्द. म्हणून मला मराठीचा झेंडा घेऊन आलेली बाई समजू नका.

मेमो मिळालेल्या त्या पोरीवर माझा राग नाही. कोप्पळकडची आहे, तेवीस-चोवीस वर्षांची. मी तिला जाऊन भेटले. मला पाहून तिचे हात कापत होते. त्या रात्री तीस-बत्तीस खाटा आणि ती एकटी, जोडीदारीण अपघाताच्या केससोबत खाली गेलेली. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणीच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागं एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागं एक परिचारिका, वर रजेसाठी तीस टक्के जादा. आमच्या जिल्ह्यात हे प्रमाण मी 31 वर्षांत एका रात्रीही पाहिलं नाही. एका रात्रीही नाही. जिथं सहा सिस्टर पाहिजेत तिथं एक ठेवायची, आणि चुकलं की नीतिमत्ता तिलाच विचारायची, ही कुठली रीत?

रीत जुनीच आहे म्हणा. 2022 च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, लसीकरणानंतर तीन बाळं गेली. चूक भयंकर होती, तिची पाठराखण मी करणार नाही. पण निलंबित कोण झालं? परिचारिका आणि औषधनिर्माता. त्यांच्या वरच्या खुर्च्यांवर कुणीच बसत नाही का? सर्वोच्च न्यायालयानं 1998 मध्येच सांगून ठेवलंय की परिचारिकेनं दिलेल्या चुकीच्या इंजेक्शनची जबाबदारी रुग्णालयालाही टाळता येत नाही. तो निकाल आमच्याकडच्या कचेऱ्यांपर्यंत अजून चालत येतोय वाटतं. पगाराचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशावरून केंद्रानं समिती नेमली. पन्नास खाटांहून लहान खासगी रुग्णालयातसुद्धा परिचारिकेला 20,000 रुपयांहून कमी देऊ नका, असं तिनं म्हटलं. माझी चुलत भाची आज 11,000 वर बारा-बारा तासांच्या रात्री काढते. 1947 च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी 2023 मध्ये नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा मंजूर झाला. तिच्या रात्री तेवढ्याच लांब आहेत.

तुमच्या राज्यात 2024 मध्ये कायदा झाला, पाट्यांवर साठ टक्के कन्नड पाहिजे. असू द्या. दुकानाची पाटी वाचता आली नाही म्हणून कुणाची बोटं जात नाहीत. पण ज्या कागदानं माणसाचं अंग कापायची परवानगी मिळते, त्यावर त्या माणसाच्या भाषेत चार ओळी छापायला कुणाची हरकत? भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात ठरलेलं आहे की जिथं एखादी भाषा बोलणारे 15 टक्के असतील तिथं सरकारी सूचना-नियम त्या भाषेतही द्यावेत. खानापूर तालुक्यात मराठी त्याच्या कितीतरी वर आहे, हे तुमचे तहसीलदारही सांगतील. 1956 पासून आम्ही कुणाचे, यावर भांडण चाललंय. 1967 मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्राचं सरकार 865 गावांची नावं घेतं, आरोग्य योजना जाहीर करतं, तुमचं सरकार त्याला विरोध करतं. दोघंही आमच्यासाठीच भांडता म्हणे. त्या रात्री आक्काच्या खाटेजवळ तुमच्यातलं कुणीच नव्हतं. दर हिवाळी अधिवेशनाला सगळं सरकार हलग्याच्या सुवर्णसौधात, म्हणजे बेळगावच्या विधानभवनात, येतं, रस्ते झाडले जातात, जागोजाग पोलीस उभे राहतात. तिथून आमच्या वॉर्डात यायला तासभरही लागत नाही.

साहेब, अरुणा शानबाग उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातल्या हळदीपूरची मुलगी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. 1973 मध्ये तिच्यावर हल्ला झाला आणि 2015 मध्ये ती गेली. मधली 42 वर्षं ती बोलू शकत नव्हती, आणि तिथल्या सिस्टरांच्या पिढ्यांनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली. तिला मरू द्यावं अशी याचिका झाली तेव्हा तिच्या बाजूनं त्याच उभ्या राहिल्या. कर्नाटकची मुलगी महाराष्ट्राच्या खाटेवर होती. सीमा कुठून जाते हे त्या बायकांनी विचारलं नाही. आमचा धंदा हा असा आहे. तो असाच करू द्या, एवढं मागायला मी बसले होते, आणि कुठल्या कुठं गेले.

सीमाभागातल्या प्रत्येक रुग्णालयात संमतीपत्र कन्नड आणि मराठी दोन्हीत छापा. वाचता न येणाऱ्याला तोंडी सांगा, आणि ते कुणी, कुठल्या भाषेत, किती वाजता सांगितलं हे कागदावर लिहा. रुग्णाला कळलं नाही असं वाटलं तर साक्षीची सही नाकारायचा हक्क सिस्टरला लेखी द्या, आणि नाकारल्याबद्दल तिची बदली होणार नाही हेही लिहा. रिकाम्या जागा भरा. त्या कोप्पळच्या पोरीचा मेमो मागे घ्या. आणि आक्काची तक्रार पुन्हा उघडा. तिला पैसे नकोत. तिला डॉक्टरांनी समोर बसून, तिच्या भाषेत, काय झालं ते सांगायला हवंय. दहा मिनिटं लागतील.

त्या रात्री त्या पोरीनं आक्काच्या बोटातलं चांदीचं जोडवं काढून गॉजमध्ये गुंडाळून उशीखाली ठेवलं होतं. एवढ्या घाईतही ठेवलं होतं. ते आता माझ्या कपाटात आहे. आक्का म्हणते, तूच ठेव, मी कुठं घालू?

आपली,
एक निवृत्त परिचारिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव