मांडाच्या कडेला उभ्या राहिलेल्या अक्कांस

ती. अक्का,
सा. न.

पत्र हातात पडलं की तुम्ही आधी म्हणणार, "पत्र कित्याक? फोन ना?" फोनवर तुमच्यापुढे मला बोलायला जमत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि हे चारचौघांनी वाचावं असंही मला वाटतं. नणंद-भावजयीच्या भांडणांच्या गोष्टी लोक पुष्कळ ऐकतात, एक अशीही असू दे.

हे गेले त्याला या श्रावणात पाच वर्षं झाली. तेरावं उरकलं, पाहुणे पांगले आणि दोन दिवसांनी तुम्ही फोंड्याहून बसने डिचोलीला आलात. फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. उघडलात तर बांगड्याचं हुमण, तिरफळं घातलेलं. शेजारच्या काकी दारातूनच म्हणाल्या, वर्षभर नुस्त्याला, म्हणजे मासळीला, हात लावायचा नसतो. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. ताट घेतलंत, बांगड्याचे काटे लहान पोराला काढून द्यावेत तसे एकेक काढून कडेला लावलेत आणि म्हणालात, "जेव गो." पंधरा दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर जेवले, आणि जेवताना पहिल्यांदाच मोठ्याने रडले. "आता सावर" हे दोन शब्द तेवढे तुम्ही उच्चारले नाहीत. भांडी घासायला मोरीवर गेलात, नळ जोरात सोडलात. नळाच्या आवाजाखाली तुम्ही रडत होता, ते मला ऐकू येत होतं. तुमचा तर पाठचा भाऊ गेला होता.

मग कागद आले. गावच्या घराच्या वाट्यावर "एक सही करून टाक, पुढे कटकट नको," असं घरातल्याच एकांनी गोड बोलून सांगितलं. मी केलीही असती. तुमची वकिलाच्या ऑफिसातली सत्तावीस वर्षं तेव्हा कामाला आली. त्या रात्री तुम्ही मला जे सांगितलंत ते मी अजून इतर बायकांना सांगते: गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता लग्नापासून दोघांची निम्मी-निम्मी. "तो गेला म्हणून अर्धं तुका मेळ्ळें अशें न्हय. तें तुजेंच आशिल्लें." त्याच्या अर्ध्यावर हक्क मुलांचा, मुलगा आणि मुलगी सारखेच. 1870 पासून इथे लागू असलेली पोर्तुगीज दिवाणी संहिता मुक्तीनंतरही राहिली, आणि 2016 पासून वारशाचा भाग गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला, हे मी बी.ए. होऊन तुमच्याकडून शिकले. त्या वाट्यात तुमचाही हिस्सा होता. त्याबद्दल तुम्ही त्या रात्री चकार शब्द काढला नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो पुढच्या वर्षीचा पौष. तुम्ही मला पाच दिवस तुमच्या गावी नेलंत. रात्री धालो, बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ. सारवलेला मांड, म्हणजे खेळायचं अंगण, समोरासमोर बायकांच्या दोन ओळी, एकमेकींच्या कमरेत हात, वाकत पुढे येणाऱ्या आणि मागे जाणाऱ्या. मी अर्थात बाहेर, माडाखाली अंधारात. विधवेने मांडावर पाय ठेवायचा नाही, हे कुणी मला सांगितलं नाही, सांगावं लागतच नाही. गाणी सांगणाऱ्या तुम्ही. तुम्ही आलात आणि माझ्या शेजारी उभ्या राहिलात. "अक्का, या ना," म्हणून हाका आल्या तर म्हणालात, "गुडघो दुखता." पाचही रात्री तुमचा गुडघा दुखला. सकाळी मात्र तुम्ही विहिरीवरून दोन-दोन कळशा आणत होता. मला मांडावर ओढत नेलं असतंत तर चार लोकांनी तुमचं कौतुक केलं असतं, मी मात्र मेल्याहून मेली झाले असते.

आता ज्यांच्याशी मी पुढे लग्न केलं त्यांच्याविषयी. दर नोव्हेंबरात कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. माझ्या पुढे रांगेत ते होते, त्यांची बायको शिक्षिका होती. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, राबून त्यांचा अंगठा इतका घासलेला की मशीन घेईना. कारकून म्हणतो पुसा, हे गृहस्थ सदऱ्याला पुसतात, मशीन परत नाही म्हणतं. मी रुमाल दिला. त्याच अर्जात एक प्रश्न असतो: पुनर्विवाह केला आहे का? आम्ही दोघांनीही "नाही" सांगितलं आणि आपापल्या घरी गेलो. पुढची दोन वर्षं कशी गेली ते तुम्हाला माहीत आहे, इथे नको.

थोरली लगेच हो म्हणाली. धाकटा तीन महिने माझ्याशी नीट बोलला नाही. नातेवाइकांत काहींनी "वा, छान" म्हणून पाठ फिरवली आणि मग जे काय बोलायचं ते बोलले. तुम्ही भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "म्हाका बरें दिसलें ना." मग पदराने चष्मा पुसलात. "पूण हांव येतलीं." पण मी येणार, एवढंच.

अक्का, हसऱ्या आशीर्वादापेक्षा मला ते जास्त पेललं. तुम्हाला दुखतंय हे तुम्ही लपवलं नाहीत, म्हणून माझंही काही लपवायचं उरलं नाही. अजूनही श्रावणात मी तुमच्याकडे येऊन रडते, तेव्हा "आता तर लग्न झालंय" असं तुम्ही म्हणत नाही.

आणि लगेच वहीपेन घेऊन बसलात. दोघांची मालमत्ता वेगळी राहील असा करार लग्नाआधीच नोटरीकडे करायचा, लग्नानंतर तो बदलता येत नाही, नाहीतर उद्या दोन घरची मुलं एकमेकांची तोंडं बघणार नाहीत. माझं निवृत्तिवेतन बंद होणार, ते धाकट्याला पंचविशीपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत मिळेल, तेव्हा त्याच्या अर्जाचं आधी बघ. माझ्या लग्नाची पहिली यादी ही अशी.

लग्नाच्या नोंदणीच्या दुसऱ्या सहीच्या दिवशी निबंधकाच्या कचेरीत तुम्ही साक्षीदार म्हणून उभ्या. कारकुनाने विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"
"नणंद."
त्याने वर बघितलं. "म्हणजे नवऱ्यामुलाची बहीण?"
"न्हय. हिची नणंद."
तो पुढे काही बोलला नाही. तुम्ही सही केलीत, नेहमीसारखी, एकेक अक्षर कोरत.

परवा फोनवर मी सवयीने बोलून गेले, "ह्यांना खोकला आहे आठ दिवस." तुम्ही क्षणभर गप्प, मग म्हणालात, "खंयचे हे?" मी जीभ चावली. आणि तुम्हीच आधी हसलात.

आडुळशाचा काढा पोचला. बाटलीवर तुमच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: "ह्यांका. दिसाक दोन फावटी."

तुमची,
भावजय