रविवारी येताना एक्सप्लेनचा निकाल सोबत आणा

आपल्या डेटाबेस गटाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी सकाळी १० वाजता राजारामपुरीत नेहमीच्या जागी बसायचं आहे. ज्यांची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) अडली आहे त्यांनी नुसतं "फार हळू चालते" एवढंच सांगू नका. क्वेरी, टेबलची रचना, त्यावरचे इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) आणि एक्सप्लेनचा निकाल (डेटाबेस ती क्वेरी कशी चालवणार याचा आराखडा) सोबत हवाच. गिऱ्हाइकांची नावं, मोबाईल नंबर मात्र आधी काढून टाका.

मागच्या वेळी दूध संकलनाच्या नोंदींवर अख्खा तास गेला. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स होता, पण अटीत त्या कॉलमला तारखेतून वर्ष काढणारं इयर फंक्शन लावलेलं. त्यामुळे इंडेक्स बाजूला राहून सगळं टेबल वाचलं जात होतं. '१ जानेवारी २०२४ पासून, १ जानेवारी २०२५ च्या आधी' अशी अट लिहिली आणि तोच इंडेक्स कामाला आला. ही चूक आपल्यात सर्रास होते, म्हणून निघण्यापूर्वी आपापली क्वेरी त्या नजरेनं एकदा बघाच.

आणखी एक: 'नॉट इन'च्या (यादीत नसलेल्या नोंदी मागणारी अट) यादीत एक जरी नल, म्हणजे रिकामी किंमत, आला तर एकही ओळ मिळत नाही. तिथे 'नॉट एक्झिस्ट्स' वापरा.

आणि कळकळीची विनंती: पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नुसतं एक्सप्लेन नव्हे, तर एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ क्वेरी खरोखर चालवतं. डिलीटला लावलं तर नोंदी जातात! आधी बिगिन (व्यवहार सुरू), शेवटी रोलबॅक (केलेले बदल मागे), आणि तेही चालू सर्व्हरवर नको, कॉपीवरच करा.

येणार असाल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत इथंच कळवा.